तार हलकी, आधार जड: मुंबई लोकलच्या ओव्हरहेड वायरचं प्रकरण

९ एप्रिल २०१६च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीकडे गेलेली लोकल ही १५०० व्होल्ट डीसीवर धावलेली मुंबईतली शेवटची गाडी. त्याच हार्बर मार्गावर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली होती. पश्चिम रेल्वेनं आपला चर्चगेटपर्यंतचा भाग फेब्रुवारी २०१२मध्येच २५ हजार व्होल्ट एसीवर नेला होता, मध्य रेल्वेची सीएसटी–ठाणे मुख्य मार्गिका जून २०१५मध्ये बदलली आणि हार्बर सर्वांत शेवटी.

तेव्हाच्या बातम्यांत वेग वाढणार, वीज वाचणार, गाड्या जास्त धावणार एवढंच होतं. ते बरोबरही होतं. पण ज्यांनी ओव्हरहेड वायरवर हात काळे केले आहेत, त्यांना ह्या बदलातला खरा पेच वेगळाच दिसतो. एसीवर गेल्यावर तार हलकी होते. मग तिला धरून ठेवणं सोपं व्हायला हवं, पण मुंबईत ते अवघड झालं. का झालं, ते इथे मांडतो.

आधी बदलाचं कारण. बारा डब्यांची लोकल सुटताना समजा २ मेगावॉट वीज ओढते. १५०० व्होल्टवर त्यासाठी साधारण १,३३३ अँपिअर लागतात, २५ हजार व्होल्टवर ८०. तेराशे अँपिअर नेणाऱ्या तारेत व्होल्टेज वाटेतच गळतं, म्हणून डीसीला दर काही किलोमीटरवर सबस्टेशन लागतं, आणि एकामागोमाग गाड्या सुटल्या की तीही दमतात. भारतीय रेल्वेनं १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात २५ हजार व्होल्ट एसी हे आपलं प्रमाण ठरवलं. कोलकाता आणि मद्रासनं आपली डीसी साठच्या दशकात मोडीत काढली. मुंबई राहिली, कारण इथे काम करायला गाड्या थांबवायच्या कधी, हाच प्रश्न होता. तोवर लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी दोन्ही विजांवर चालणारी डब्ल्यूसीएएम इंजिनं आणावी लागली. गुजरातच्या बाजूने येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर विरारजवळ चालत्या गाडीत एसीचं डीसी करून घ्यायचा.

तार टांगायची म्हणजे काय

ट्राम, क्रेन आणि लोकल ह्या तिघींची मूळ अडचण एकच. वीज घेणारा भाग (लोकलच्या बाबतीत टपावरचा पेंटोग्राफ, म्हणजे पेंटो) तारेच्या खालच्या अंगाला घासत जातो, म्हणून तार खालून कुठेही धरता येत नाही. धरायची ती वरून, आणि तीही अशी की पकडीचा कुठलाच भाग खाली डोकावणार नाही. ह्यासाठी तारच वेगळ्या आकाराची ओढतात. तिचा छेद गोल, पण वरच्या बाजूला दोन्हीकडून खाचा. पकड त्या खाचांत चावते आणि तारेचा खालचा अर्धा भाग मोकळा राहतो. शंभर वर्षांत ह्यात फारसा बदल झालेला नाही. मुंबईच्या रस्त्यांवर १९०७पासून १९६४पर्यंत धावलेल्या विजेच्या ट्रामलाही तार वरूनच धरावी लागायची.

खरा शत्रू झोळ. कपडे वाळत घालायची दोरी कितीही ताणा, मध्ये थोडी लोंबतेच. झोळ किती पडेल हे साध्या सूत्रानं निघतं: मीटरमागचं वजन गुणिले अंतराचा वर्ग, भागिले ताणाची आठपट. रेल्वेची नेहमीची एसी कॉन्टॅक्ट वायर, म्हणजे पेंटो जिला घासतो ती तार, १०७ चौरस मिलिमीटर तांब्याची, मीटरला जवळजवळ ९५० ग्रॅम भरते आणि तिला १,००० किलोचा ताण देतात. खांब ३० मीटरवर असतील तर झोळ दहा-अकरा सेंटिमीटर, ६३ मीटरवर असतील तर सत्तेचाळीस. मुद्दा त्या वर्गाचा आहे. अंतर दुप्पट केलं की झोळ चौपट होतो. रस्त्यावरच्या हळू ट्रामला असा झोळ चालून जायचा, ताशी शंभर किलोमीटरनं जाणाऱ्या पेंटोला नाही. पेंटो वर-खाली नाचतो, तारेपासून सुटतो, ठिणगी पडते आणि तार त्या जागी झिजायला लागते.

म्हणून वर दुसरी तार घेतात, कॅटनरी. झोळ तिनं सोसायचा आणि खालच्या तारेला ठिकठिकाणी ड्रॉपरनं, म्हणजे दोन्ही तारांना जोडणाऱ्या उभ्या आखूड तारांनी, उचलून जवळजवळ सपाट ठेवायची. खांबापाशी दोन तारांमधलं अंतर नेहमीच्या रचनेत १.४ मीटर असतं. मध्यावर ते कमी होतं, कारण कॅटनरी तिथे खाली आलेली असते. हा १.४ मीटरचा आकडा लक्षात ठेवावा. पुलाखाली सगळी भांडणं त्याच्यापायी होतात.

उभ्या दिशेला हे झालं. आडव्या दिशेला तार मुद्दाम वाकडी ठेवलेली असते. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून वर पाहिलं तर दिसेल, सरळ मार्गावरही तार एका खांबापाशी मधल्या रेषेच्या डावीकडे २०० मिलिमीटर आणि पुढच्या खांबापाशी उजवीकडे २०० मिलिमीटर अशी नागमोडी जाते. नाहीतर पेंटोची कार्बनची पट्टी एकाच जागी चिरत जाईल. तारेला बाजूला ओढून धरणारी ती बारीक, किंचित वाकलेली नळी म्हणजे स्टेडी आर्म. खांबाला बिजागरीनं बसवलेल्या कॅन्टिलिव्हरच्या, म्हणजे खांबापासून रुळांवर आलेल्या हाताच्या, टोकाला ती असते. तिचं काम नाजूक आहे. बाजूला घट्ट धरायचं, पण पेंटोनं खालून साताठ किलोचा रेटा दिला की वर उचललं जायचं.

बिजागरी कशाला, ह्याचं उत्तर उन्हाळ्यात मिळतं. तारेचा एक ताणलेला तुकडा साधारण दीड किलोमीटरपर्यंत असतो, मध्ये पक्का बांधलेला आणि दोन्ही टोकांना वजनं टांगलेली. तापमान ४० अंशांनी वाढलं तर मधल्या बिंदूपासून टोकापर्यंतचे ७५० मीटर तांबं जवळजवळ अर्धा मीटर लांबतं. तेवढं सरकणं कॅन्टिलिव्हरनं वळून मुरवायचं. कप्प्यांच्या संचातून टांगलेला लोखंडी वजनांचा खांबासारखा ढीग मे महिन्यात दुपारी खाली उतरतो, जानेवारीत पहाटे वर चढतो. कप्प्यांमुळे वजनं तारेच्या तिप्पट सरकतात असं धरलं, तर अर्ध्या मीटरचे दीड मीटर होतात. दोन्ही तारांचा मिळून २,००० किलोचा ताण त्यामुळे वर्षभर तोच राहतो. डीसीच्या काळातली मुंबईची बरीचशी तार अशी नव्हती. ती दोन्हीकडे पक्की बांधलेली होती, उन्हात सैल पडायची आणि थंडीत ताणली जायची.

दोन्हीकडचं ओझं

आता आकडे शेजारी-शेजारी ठेवू. डीसीची कॅटनरी २४२ चौरस मिलिमीटर आणि कॉन्टॅक्ट वायर १९३, मिळून ४३५ चौरस मिलिमीटर तांबं. वजन मीटरला पावणेचार किलोहून जास्त. नेहमीच्या एसी रचनेत ६५ आणि १०७, मिळून १७२, म्हणजे मीटरला दीड किलोच्या आसपास. ५० मीटरच्या एका टप्प्यावर, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरावर, डीसीची तार १९० किलोच्या पुढे, एसीची ८० किलोच्या आत. पोर्टलवर, म्हणजे चार-सहा रुळांवरून जाणाऱ्या लोखंडी आडव्या कमानीवर, हा फरक प्रत्येक रुळामागे पडतो.

कागदावर ही सुटका आहे. पण विजेचा प्रकार बदलणं एका रात्रीचं काम, तार आणि तिचे आधार बदलणं काही वर्षांचं. त्या सगळ्या वर्षांत गाड्या डीसीवरच चालणार होत्या. म्हणजे तांबं पातळ करता येत नव्हतं, १,३००-१,४०० अँपिअर अजून त्याच्यातूनच जायचे होते. पण ज्या रात्री २५ हजार व्होल्ट येतील, त्या रात्री प्रत्येक आधारावरचा इन्सुलेटर, म्हणजे तारेतली वीज खांबात उतरू न देणारा तुकडा, त्यांच्या लायकीचा असायला हवा होता, एकही जुना राहून चालणार नव्हता. थोडक्यात, मधल्या काळात आधारावर डीसीचं वजन आणि एसीचा इन्सुलेटर अशी दोन्ही ओझी होती. ह्या प्रकल्पाबद्दल बोलताना लोक नेहमी नव्या गाड्यांचं नाव घेतात. सीमेन्सच्या आणि नंतर बंबार्डिअरच्या यंत्रणेच्या, दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आल्या म्हणून बदल जमला, हे खरंच आहे. माझ्या मते तितकंच श्रेय ह्या दुहेरी आधाराला आहे. तो आधी उभा केला म्हणून शेवटचा बदल एका रात्रीत उरकला.

इन्सुलेटर मोठा म्हणजे किती मोठा, हे मुंबईत समुद्र ठरवतो. पोर्सेलीनच्या पृष्ठभागावरून वीज सरपटत जाऊ नये म्हणून त्याला पाकळ्या काढतात आणि त्या पाकळ्यांवरून मोजलेली एकूण वाट धरतात. २५ हजार व्होल्टसाठी स्वच्छ हवेत ती ८५० मिलिमीटर पुरते. खाऱ्या आणि धुरकट हवेत १,०५० घेतात. सात-आठ महिने कोरडं मीठ आणि ब्रेकचा बारीक लोखंडी धुरळा पाकळ्यांवर बसतो. धो-धो पावसात तो धुऊन जातो, पण जूनची पहिली भुरभुर त्याचा चिखल करते आणि चिखलातून वीज वाट काढते. पहिल्या पावसात ओव्हरहेडच्या तक्रारी का वाढतात, त्याचं एक कारण हे.

आणि हे सगळं करायचं कधी? रात्रीची शेवटची लोकल आणि पहाटेची पहिली लोकल ह्यांच्यामधल्या तीन-एक तासांत. त्यातही वीज बंद झाल्याचा निरोप, दोन्हीकडे अर्थिंगचे दांडे लावणं, तारेपर्यंत पोचायला उंच मचाण असलेली टॉवर वॅगन जागेवर आणणं आणि शेवटी हे सगळं उलट्या क्रमानं. हातात उरतात जेमतेम दोन तास. रविवारचा मेगाब्लॉक मुंबईकरांच्या शिव्यांचा धनी असतो, पण ज्या आधाराला दोन तासांत हात लावणं शक्यच नाही, तो त्यातच होतो.

पुलाखाली

मोकळ्या मार्गावर हे सगळं कष्टाचं, पण सरळ काम. घोडं अडलं पुलांखाली. भायखळ्यापासून खाली दक्षिणेला रुळांवरून जाणारे रस्त्याचे पूल जुने, ठेंगणे आणि एकमेकांना जवळ.

पुलाखालची उंची खालून वर अशी वाटली जाते. गाडीचं टप. त्याच्यावर हवा. मग कॉन्टॅक्ट वायर. मग पेंटो तारेला उचलतो तेवढी जागा. मग कॅटनरी. तिच्यावर पुन्हा हवा. आणि मग पुलाचा तळ. १५०० व्होल्टला ह्यातल्या दोन्ही हवा अगदी थोड्या पुरत. २५ हजार व्होल्टला प्रत्येक ठिकाणी उभ्या दिशेनं ३२० मिलिमीटर लागतात, गाडी जात असतानाच्या क्षणापुरतं २७०पर्यंत चालतं. हे अंतर जाड तारेनं कमी होत नाही आणि भक्कम खांबानंही नाही. टपावर बसून जाणाऱ्यांसाठी रेल्वेनं त्या काळात इशाऱ्यांचा सपाटा लावला होता, तोही ह्याच कारणानं. २५ हजार व्होल्टच्या तारेला हात लावायची गरजच नसते, जवळ गेलं तरी पुरतं.

ही वाढीव हवा आणायची कुठून? पहिला उपाय तारेकडेच होता. कॅटनरी आणि कॉन्टॅक्ट वायरमधलं १.४ मीटरचं अंतर आवळायचं. त्यासाठी टप्पे लहान करावे लागतात, पुलाच्या अल्याड-पल्याड जवळजवळ आधार द्यावे लागतात, कारण अंतर कमी म्हणजे झोळ वर्गानं कमी. पण अंतर आवळलं की ड्रॉपर आखूड होतात, तार तिथे ताठर होते आणि पेंटोला धक्का जाणवतो.

दुसरा उपाय तार पुलाखाली उतरवायचा, आणि इथे दक्षिण मुंबईचा भूगोल आडवा येतो. मुख्य मार्गावर कॉन्टॅक्ट वायरचा उतार मीटरला ३ मिलिमीटरपेक्षा जास्त देत नाहीत, आणि एका टप्प्याहून दुसऱ्या टप्प्यात तो एकदम बदलतही नाहीत. नेहमीच्या ५.५ मीटरवरून तार समजा ४.९ मीटरपर्यंत खाली आणायची असेल, तर ६०० मिलिमीटरला एका बाजूनं किमान २०० मीटर उतार, आणि पलीकडे तेवढाच चढ. पूल अर्धा-पाऊण किलोमीटरवर असतील तर प्रश्न नाही. ते जवळजवळ असतील, तर तार चढायच्या आत पुढचा पूल येतो. मग ती खालच्या खालीच न्यावी लागते आणि मधल्या मोकळ्या जागेतले आधारही त्या ठेंगण्या उंचीला बसवावे लागतात.

तिसरा उपाय रूळ खाली घेणं. ऐकायला सोपं वाटतं. पण सँडहर्स्ट रोड, मस्जिद हा पट्टा पावसात तुंबण्यासाठी आधीच बदनाम. तिथे रूळ खाली घ्यायचे म्हणजे खडीचा थर शाबूत ठेवून खालची माती काढायची आणि पाण्याला जायला वाट द्यायची, तीही भरतीच्या वेळी जिथे समुद्रच पाणी परत ढकलतो अशा ठिकाणी. तारेसाठी मिळवलेले दोनशे मिलिमीटर जुलैत पाण्याला देऊन टाकण्यासारखं आहे हे. तरीही काही ठिकाणी रूळ खाली घेतलेच, कारण वरचा पूल हलवणं त्याहून कठीण होतं.

चौथा उपाय पूलच. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल १८७९चा, १९२३मध्ये पुन्हा बांधलेला. कमी उंचीमुळे तो ह्या बदलात कायमचा अडसर होता. मुख्य मार्ग जून २०१५मध्ये एसीवर गेला, आणि पूल जानेवारी २०१६मध्ये मोठा ब्लॉक घेऊन तोडला. म्हणजे नवी वीज आधी आली, पूल नंतर गेला. तोडण्याचं काम एका ब्लॉकमध्ये झालं. बांधण्याचं मात्र रेंगाळलं आणि नव्या पुलावरून वाहतूक सुरू व्हायला २०२२ उजाडलं. मधल्या वर्षांत माझगाव-डोंगरीच्या लोकांना पलीकडे जायला वळसा घ्यावा लागला, कित्येक जण रूळ ओलांडून जात राहिले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तारेसाठी हवेचे काही सेंटिमीटर मिळवायचे होते, त्याची किंमत अशा लोकांनी भरली ज्यांचा ओव्हरहेड वायरशी काडीचा संबंध नव्हता. पूल तोडणं चूक नव्हतं. चूक ही, की पर्यायी पादचारी वाट तोडण्याच्या आराखड्यातच नव्हती, ती नंतरच्या वादात शोधावी लागली.

क्रेनच्या पट्टीकडून आलेला पर्याय

कारखान्यात ओव्हरहेड क्रेनला वीज देणाऱ्यांना पुलाचा त्रास नसतो, छताचा असतो. त्यांचं उत्तर वेगळं निघालं. जुन्या शेडमध्ये क्रेनच्या गर्डरशेजारी उघड्या तांब्याच्या तारा दोन्ही टोकांना टर्नबकलनं ताणलेल्या दिसत. मधल्या आधारांवर त्या बांधलेल्या नसत, नुसत्या टेकलेल्या असत. क्रेन आली की तिचा कलेक्टर तार टेकूवरून उचलायचा आणि पुढे गेल्यावर ती पुन्हा टेकूवर बसायची. संथ क्रेनला हे छान चालायचं. पुढे तारेच्या जागी लोखंडी अँगल किंवा तांब्याची ताठ पट्टी आली, आणि आता एमआयडीसीत बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्या आवरणातली ताठ पट्टी असते, तिला डीएसएल म्हणतात. ताठ पट्टीला ताण द्यावा लागत नाही, कॅटनरीही नको, वजनंही नकोत. फक्त आधार जवळजवळ हवेत, कारण झोळ आता पट्टीच्या स्वतःच्या ताठपणानं रोखायचा असतो.

हीच कल्पना मोठी होऊन बोगद्यात गेली. ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी, तिच्या खालच्या फटीत चिमटीत धरलेली तीच खाचांची कॉन्टॅक्ट वायर, आणि साधारण दहा-दहा मीटरवर आधार. मुंबईच्या भुयारी मेट्रो ३वर २५ हजार व्होल्ट अशाच ताठ पट्टीतून येतात. कॅटनरीच नसल्यानं १.४ मीटरचा सगळा प्रश्न काही सेंटिमीटरांवर येतो, आणि तार तुटून गाडीवर पडण्याची भीतीही जाते, कारण तिथे ताणच नसतो.

लोकलच्या ठेंगण्या पुलांखाली हीच पट्टी का लावू नये, असं अनेकदा विचारतात. लावता येते. पण तिचे आधार पुलाच्या तळालाच घट्ट बसवावे लागतात. शंभर-सव्वाशे वर्षांच्या, कंप पावणाऱ्या आणि स्वतःच डागडुजीला आलेल्या पुलाला दहा-दहा मीटरवर भोकं पाडायला पूल विभागाचा कुठलाही इंजिनिअर सही देणार नाही. शिवाय लवचीक तारेवरून ताठ पट्टीवर येताना मध्ये हळूहळू ताठर होत जाणारा सांधा लागतो, तो पुलाच्या दोन्ही बाजूंना बसवावा लागतो. पूल चाळीस फूट रुंद आणि सांधे धरून काम त्याच्या कितीतरी पट लांब, असा व्यवहार होतो. बोगद्यात हा सांधा फक्त दोन टोकांना लागतो, म्हणून तिथे पट्टी परवडते. पुलाखाली तेच पैसे पूल उचलण्याकडे वळवले, तर पुढची पन्नास वर्षं तारेलाही जागा मिळते आणि एकावर एक रचलेल्या डबल स्टॅक कंटेनरसारखं काही आलंच, तर त्यालाही.